हार्मोनच्या गोळीची भीती आली कुठून?

पाळी पन्नाशीच्या सुमारास थांबते, ही नोंद आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही सापडते. ती थांबताना होणाऱ्या त्रासावर औषध द्यावे की नाही, हा वाद मात्र अलीकडचा. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली. १९६० च्या दशकात हीच गोळी तारुण्य टिकवणारी म्हणून खपवली गेली. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसले, आणि गर्भाशय असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरे हार्मोन देण्याची पद्धत पडली.

आजची भीती आली जुलै २००२ मध्ये. ही दोन्ही हार्मोन एकत्र देणारी, अमेरिकेतली १६ हजारांहून अधिक बायकांवरची चाचणी त्या महिन्यात मुदतीआधीच थांबवण्यात आली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, एवढेच जगभर पोहोचले. प्रत्यक्षात वर्षाला दर १० हजार बायकांमागे ३० ऐवजी ३८ जणींना तो झाला. हृदयविकार आणि पक्षाघातही थोडे वाढले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आले. धोका खरा होता, पण तो किती आणि कोणाला, हे कोणी नीट सांगितले नाही.

‘कोणाला’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चाचणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. उद्देश होता हृदयविकार टळतो का ते पाहण्याचा. अंगाची लाही, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवरच्या उपचारांसाठी ती आखलेलीच नव्हती. आपल्याकडे ‘पाळी जातेय’ आणि ‘पाळी गेली’ असा फरक आपण सहज करतो. वैद्यकाच्या भाषेत सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच रजोनिवृत्ती झाली म्हणतात. त्याआधीची, सर्वाधिक त्रासाची काही वर्षे निराळी. बातम्यांत दोन्ही अवस्थांतल्या बायका एकाच शब्दात गेल्या. पाळी गेलेल्या साठीतल्या बायकांचे निष्कर्ष पाळी जात असलेल्या ४८ वर्षांच्या बाईला लावले गेले, आणि तिची गोळी बंद झाली. योनीच्या कोरडेपणासाठीच्या क्रीममधून रक्तात अगदी नगण्य इस्ट्रोजेन उतरते. पण चाचणीनंतर अमेरिकेत इस्ट्रोजेनच्या औषधांच्या माहितीपत्रकात चौकटीत जो गंभीर इशारा छापला गेला, तोच या क्रीमलाही लागला. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसते इस्ट्रोजेन देणारा चाचणीचा दुसरा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात पक्षाघात वाढला, स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढे त्याच माहितीची वयानुसार फोड झाली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा अधिक, हे मत त्यातून रुजले. त्वचेवर लावायच्या पट्टीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, हेही समजले. ज्यांना हार्मोन चालत नाहीत, त्यांच्यासाठी मेंदूतल्या तापमान-नियंत्रणावर काम करणारी बिनहार्मोनची गोळी २०२३ मध्ये आली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने हृदयविकार आणि स्तनाच्या कर्करोगाचे ते चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळीवरचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा तेवढा ठेवला.