मेल येतो, पण जात नाही

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. भोसरी-पिंपरीकडच्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात बिलं आणि कोटेशनं करायला ठेवलेला आठ-दहा वर्षांचा संगणक विंडोज ११ घेत नाही, पण यंत्र म्हणून तो अजून धडधाकट असतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली की तो पुन्हा कामाला लागतो. मग पहिली अडचण येते ती आउटलुकची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमची. तो इथे बसत नाही, तर कंपनीचा मेल कशात बघायचा? मिंटमध्ये थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, आणि बहुतेक ऑफिसांचं काम त्यावर भागतं. आधी कंपनीचा मेल सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनला विचारून घ्या. दुसरा प्रोग्रॅम वापरायची परवानगी आहे का, आणि असल्यास सर्व्हरचं नाव काय, हे दोन्ही त्याच्याकडूनच कळायला हवं.

नाव, पत्ता आणि पासवर्ड टाकला की बऱ्याचदा दोन मिनिटांत सगळं जुळतं. नाही जुळलं की माणसं तोच पासवर्ड पाच-सहा वेळा टाकून बघतात. हे मात्र करू नका. अनेक मेल सर्व्हरांवर चुकलेले प्रयत्न मोजणारा पहारा असतो आणि ठरावीक संख्या ओलांडली की तो त्या आयपी पत्त्यालाच दार बंद करतो. ऑफिसातले सगळे संगणक एका राउटरमागे असतात, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. एका टेबलावर पासवर्ड चुकत राहिला की अकाउंट्सपासून डिस्पॅचपर्यंत सगळ्यांचाच मेल अडकतो, आणि इंटरनेट गेलं की काय म्हणून लोक राउटर बंद-चालू करत बसतात.

पहिल्याच अपयशाला थांबायचं आणि जोडणी कुठल्या पायरीवर तुटली ते शोधायचं. पायऱ्या मोजक्या आहेत: सर्व्हरचं नाव सापडणं, त्याचं दार उघडणं, दोघांत कुलूपबंद संभाषण ठरणं, ओळख पटणं आणि शेवटी फोल्डर जुळणं. यातली प्रत्येक पायरी तुटताना वेगळी खूण सोडते.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. मेल आणणं आणि मेल पाठवणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत, दोन वेगळ्या भाषांत चालणारी. पाठवण्याची भाषा एसएमटीपी. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ती मांडली तेव्हा तिच्यात पासवर्ड नावाची गोष्टच नव्हती. एक यंत्र दुसऱ्याला पत्र देत असे आणि दुसरं ते घेत असे. ओळख पटवण्याची सोय तिला १९९९ मध्ये जोडली गेली. पेटीतला मेल बघण्याची भाषा आयमॅप, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला घडवलेली. दोन्हींची दारं वेगळी, नियम वेगळे, कधीकधी सर्व्हरही वेगळे. त्यामुळे मेल येतो पण जात नाही, ही तक्रार ऐकायला विचित्र वाटली तरी तिचा अर्थ सरळ आहे: आयमॅपची बाजू ठीक, एसएमटीपीची बिघडलेली. निम्मा तपास तिथेच होतो.

पॉप नावाची आणखी एक जुनी भाषा सेटिंगमध्ये दिसेल. ती मेल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेते, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायला सांगितलं नसेल तर तिथून काढून टाकते. मग फोनवर तो मेल दिसत नाही. ऑफिससाठी आयमॅपच निवडा. त्यात खरा मेल सर्व्हरवर राहतो आणि प्रोग्रॅम म्हणजे त्यात बघायची खिडकी असते. अर्थात या खिडकीतून पुसलेलं सर्व्हरवरूनही पुसलं जातं, हे जागा मोकळी करायला बसलेल्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

आता सर्व्हरचं नाव. थंडरबर्ड पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग घेतो, त्या डोमेनवर तयार सेटिंगची फाइल ठेवली आहे का ते बघतो, मग थंडरबर्डमागच्या मोझिलाच्या बाजूने सांभाळलेल्या यादीत शोधतो, आणि तिथेही नसेल तर नेहमीची नावं वापरून अंदाज बांधतो. हा अंदाज चुकू शकतो. तेव्हा ‘कॉन्फिगर मॅन्युअली’ निवडून स्वतः भरा. आयमॅपसाठी पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३ आणि सुरक्षेत एसएसएल/टीएलएस, म्हणजे संभाषणाला कुलूप लावण्याची पद्धत. पाठवण्यासाठी पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस. या जोड्या मोडायच्या नाहीत. ४६५ वर संभाषण पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद असतं. ५८७ वर ते उघड सुरू होतं आणि मग दोघं मिळून कुलूप लावतात. ५८७ ला एसएसएल/टीएलएस लावलं तर प्रोग्रॅम कुलपाची वाट बघतो, सर्व्हर साध्या भाषेत स्वागत करतो, आणि दोघांना एकमेकांचं कळत नाही. पोर्ट २५ वापरू नका. ते सर्व्हरने सर्व्हरला मेल देण्याचं दार आहे, आणि कित्येक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते बंदच ठेवतात.

बराच वेळ चक्र फिरून ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, तर निरोप दारापर्यंत पोचला नाही किंवा मधल्या फायरवॉलने गिळला. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर यंत्र सापडलं पण त्या दारामागे कुणी बसलेलं नाही. या दोन्हींत पासवर्डाचा काही संबंध नाही, कारण तो विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नसते.

कुलूप लावताना सर्व्हर आपली ओळख सांगणारं प्रमाणपत्र दाखवतो. छोट्या कंपन्यांचा मेल अनेकदा भाड्याच्या होस्टिंगवर असतो आणि तिथे शेकडो कंपन्या एका यंत्रावर नांदतात. तुम्ही सर्व्हर म्हणून आपल्या कंपनीचं नाव टाकता, प्रमाणपत्रावर मात्र होस्टिंगवाल्याच्या यंत्राचं नाव असतं. थंडरबर्ड इशारा देतो आणि ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ हे बटण पुढे करतो. ते दाबायचा मोह टाळा, कारण उद्या मधे कुणी खोटा सर्व्हर घुसवला तर तोही नेमका असाच दिसेल. होस्टिंगवाल्याकडून प्रमाणपत्रावरचं खरं नाव विचारून घ्या आणि सर्व्हरच्या रकान्यात तेच भरा. इशारा आपोआप जातो.

प्रमाणपत्र नीट असूनही ते अजून लागू झालेलं नाही असं म्हणत असेल, तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मागच्या तारखेला आजचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नसतं. शंभर रुपयांच्या आतला सेल, पण त्यापायी सगळी सेटिंग्ज दोनदा पुसून भरली जातात. उलट बाजूने, कंपनीतला सर्व्हरच फार जुना असेल तर तो टीएलएस १.० या कुलपाच्या जुन्या आवृत्तीपुढे जात नाही. २०२० साली आलेल्या थंडरबर्ड ७८ पासून किमान टीएलएस १.२ लागतं. प्रोग्रॅमची पातळी खाली आणण्याची सोय आहे, पण ती वापरण्यापेक्षा सर्व्हर बदलण्यासाठी आग्रह धरा. ग्राहकांची ड्रॉइंग आणि दर त्यावरून जात असतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ओळख पटवताना. कुठे युजरनेम म्हणून पूर्ण मेल पत्ता लागतो, कुठे फक्त ॲटच्या आधीचा भाग, आणि कंपनीतच बसवलेल्या एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरला अनेकदा डोमेन, उलटी तिरपी रेघ आणि मग नाव. पासवर्ड बरोबर असूनही नकार येण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण नव्या काळाचं. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन एक्स्चेंजवर नुसत्या नाव-पासवर्डाने आयमॅप जोडणं बंद करायला घेतलं. तिथे ओऑथ २ लागतं. थंडरबर्डात ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ते निवडलं की ब्राउझरसारखी वेगळी खिडकी उघडते, पासवर्ड आणि फोनवरचा कोड तुम्ही थेट मायक्रोसॉफ्टला देता, आणि थंडरबर्डच्या हाती पडतो तो फक्त मर्यादित अधिकारांचा परवाना. पासवर्ड प्रोग्रॅमजवळ राहतच नाही, म्हणून ही पद्धत खरोखर चांगली आहे. ती खिडकी कोरी दिसत असेल तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज चालू आहेत का ते बघा. ‘नीड अ‍ॅडमिन अप्रूव्हल’ आलं तर मात्र तुमच्या हातात काही नाही. कंपनीच्या अ‍ॅडमिनने थंडरबर्डला एकदा मंजुरी द्यावी लागते. गुगलवर मेल असलेल्या कंपन्यांतही थंडरबर्ड याच वाटेने जोडतात.

काही कंपन्यांत आयमॅप मुळातच बंद असतं. एक्स्चेंजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आयमॅपची सेवा बसवली जाते, पण अ‍ॅडमिनने हाताने सुरू केल्याशिवाय चालत नाही. हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या ऑफिसात तशी विनंती मान्य होईलच असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या थंडरबर्ड १४५ ने यावर एक वाट दिली: एक्स्चेंजच्या स्वतःच्या ईडब्ल्यूएस या भाषेत तो आता थेट बोलतो. त्या आवृत्तीत हा आधार मेलपुरता आहे, कॅलेंडरसाठी नाही. शिवाय आपल्या ऑनलाइन सेवेतून ईडब्ल्यूएस ऑक्टोबर २०२६ पासून बंद करत नेण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. कंपनीच्या स्वतःच्या जागेतल्या सर्व्हरला तो निर्णय लागू नाही.

दुसरी वाट डेव्हमेलची. हा छोटा दुभाषा तुमच्याच संगणकावर बसतो. थंडरबर्ड त्याच्याशी आयमॅपमध्ये बोलतो, तो सर्व्हरशी एक्स्चेंजच्या भाषेत बोलतो, आणि कॅलेंडर व कंपनीची पत्त्यांची वहीसुद्धा आणून देतो. थंडरबर्डात सर्व्हर म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक), आयमॅपला पोर्ट ११४३, पाठवायला १०२५ आणि सुरक्षेत ‘नन’ भरायचं. हे ‘नन’ बघून दचकू नका. ती जोडणी संगणकाच्या बाहेर जातच नाही. बाहेर जाते ती डेव्हमेलची, आणि ती कुलूपबंद असते.

पाठवताना अडलं तर पडद्यावर आलेला तीन आकडी संकेत आधी लिहून घ्या. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर काही बदलल्याशिवाय कितीही वेळा पाठवलं तरी जाणार नाही. ५३० म्हणजे ओळख किंवा कुलूप न लावताच बोलायला गेलात. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, त्याच्यापुढे ५.७.१३९ असेल आणि मजकुरात एसएमटीपी बंद असल्याचा उल्लेख असेल, तर कंपनीने पाठवण्याची ही पद्धतच बंद ठेवली आहे आणि ती अ‍ॅडमिनलाच उघडावी लागेल. ५५० सोबत ५.७.६० आलं तर तुम्ही लॉगिन एका नावाने केलंय आणि पाठवताय दुसऱ्या नावाने, उदाहरणार्थ स्वतःच्या खात्यातून सेल्सच्या पत्त्याने. ५५२ म्हणजे मेल मर्यादेपेक्षा जड झाला.

या जडपणाचा हिशेब ड्रॉइंग पाठवणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावा. मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाही. तिच्या दर ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, वर ओळी तोडणाऱ्या खुणा. त्यामुळे २० एमबीचं ड्रॉइंग वाटेत २७ एमबीच्या वर जातं, आणि २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर १८ एमबीच्या आसपासच थांबावं लागतं. शिवाय आयमॅपमध्ये ते दोनदा चढतं: एकदा एसएमटीपीने समोरच्याकडे, मग ‘सेंट’ फोल्डरात प्रत ठेवायला सर्व्हरवर. मेल समोरच्याला मिळाला तरी आपल्याकडे ‘कॉपींग मेसेज’ची पट्टी सरकत राहते ती यामुळेच. तेवढ्यात कुणी रद्द केलं तर मेल गेलेला असतो, प्रत मात्र राहत नाही. जीमेल पाठवलेल्याची प्रत आपली आपण ठेवतो, म्हणून तिथे थंडरबर्डची प्रत ठेवण्याची खूण काढा, नाहीतर दोन दोन दिसतील.

सकाळी चालणारा मेल दुपारी अधूनमधून तुटतो, यामागे बऱ्याचदा जोडण्यांची संख्या असते. थंडरबर्ड एका खात्यासाठी एकाच वेळी ५ जोडण्या उघड्या ठेवतो. होस्टिंगवर सर्रास दिसणारा डव्हकॉट हा सर्व्हर एका खात्याला एका आयपी पत्त्यावरून १० जोडण्यांची मुभा देतो, कुणी बदलली नसेल तर. टेबलावरचा संगणक, लॅपटॉप आणि ऑफिसच्या वायफायवरचा फोन एकाच खात्यावर आले की दहाचा आकडा सहज ओलांडतो. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडून तो ५ चा आकडा २ करा.

फोल्डरांत एक गोष्ट खास आपली. थंडरबर्डात ‘पुणे’ नावाचा फोल्डर केला तर आयमॅपच्या जुन्या नियमाप्रमाणे सर्व्हरवर त्याचं नाव रोमन अक्षरांत गुंडाळून जातं. प, उकार, ण आणि मात्रा या चार संकेतांची मिळून तेरा चिन्हं होतात. थंडरबर्ड ती उलगडून पुन्हा ‘पुणे’ दाखवतो. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये तीच निरर्थक गिचमीड वाटते आणि कचरा समजून कुणीतरी पुसतो. मराठी नावं खुशाल ठेवा, फक्त तिथे जाणाऱ्याला हे सांगून ठेवा.

सगळं जुळल्यावर स्वतःच्या बाहेरच्या खात्यावर मराठी विषयाचा, १५ एमबीची फाइल जोडलेला एक मेल पाठवा. तिथून उत्तर द्या. ते उत्तर थंडरबर्डात वाचा आणि फोनवरही ते वाचलेलं दिसतंय का बघा. पाठवलेला मेल फोनवरच्या ‘सेंट’मध्ये सापडला नाही, तर खात्याच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये जाऊन सर्व्हरवरचा खरा ‘सेंट आयटम्स’ निवडा. जुन्या संगणकावरची पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवायची फाइल, थंडरबर्ड स्वतःहून उघडत नाही. तिच्यातला मेल हवा असेल तर त्या संगणकावर लिनक्स घालण्याआधीच आउटलुकमध्ये तेच आयमॅप खातं जोडा आणि फोल्डर एकेक करून सर्व्हरवर ओढा. काही जीबी मेल असेल तर याला रात्र लागते, म्हणून शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी दोन्हीकडच्या मेलची संख्या ताडून बघा.