‘एसओएस’ लिहिलं, पण कशासाठी?

मिरजेला उपचारासाठी जतहून, आटपाडीहून, थेट कर्नाटकातूनही माणसं येतात. मानसिक आजाराचा पेशंट ॲडमिट झाला, की कुठल्याही गावच्या वॉर्डात केस पेपरवर रोजच्या गोळ्यांखाली एखादी जादा ओळ सापडते: ‘इंजे. हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ, एसओएस’. म्हणजे गरज पडली तर द्या. गरज कोणती, ते पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. रात्री २ वाजता पेशंट येरझाऱ्या घालतोय, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक वैतागलेत, ड्युटीवर सिस्टर एकट्या. ठरवायचं त्यांनीच.

खरी गोम त्या येरझाऱ्यांत आहे. हॅलोपेरिडॉल मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतं. त्यानं भ्रम आणि आक्रमकपणा उतरतो, पण काहींना त्याच औषधानं विलक्षण तगमग सुरू होते. एका जागी बसवत नाही, उभं राहिलं तरी पाय चुळबुळत राहतात. हा अकॅथिसिया. बघणाऱ्याला वाटतं, आजारच बळावला. मग पुन्हा एसओएस, की तगमग आणखी वाढते. अशा वेळी बहुधा डोस कमी करायचा असतो, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध द्यायचं असतं. सिरिंज भरण्याआधी ‘पायांना चैन पडत नाही का?’ एवढं तरी पेशंटला विचारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हॅलोपेरिडॉल एकटं देण्यातही धोका आहे. रिओ दि जानेरोतल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते एकटं दिलेल्या गटात १० जणांचे स्नायू अचानक आखडले. सोबत प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध दिलेल्या गटात एकाचेही नाहीत. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

मात्रेचा हिशेबही चुकतो. गोळीतलं हॅलोपेरिडॉल साधारण ६० ते ७० टक्केच रक्तात पोचतं, इंजेक्शनचं जवळपास सगळं. तरी ‘गोळी किंवा इंजेक्शन, ५ मिग्रॅ’ असं एकाच ओळीत उरकलं जातं. शिवाय रोजचा डोस आणि एसओएस यांची बेरीज राहून जाते.

नीट लिहिलेली ओळ अशी असते: ‘लोराझेपाम १ मिग्रॅ, गोळी; बोलून धीर देऊनही तीव्र घबराट ओसरली नाही तर; दोन डोसांत किमान ४ तास; २४ तासांत जास्तीत जास्त ४ मिग्रॅ; ३ दिवसांनी फेरविचार.’ सिस्टरना अंदाज बांधावा लागत नाही, आणि ३ दिवसांत रोजच एसओएस लागलं असेल तर मूळ उपचारच बदलायला हवेत, हे डॉक्टरांना दिसतं.

तुमचं माणूस वॉर्डात असेल, तर सकाळच्या राउंडला दोन गोष्टी जरूर विचारा: काल एसओएस किती वेळा दिलं, आणि कशासाठी?