जर्मनीतील पदवीधरांचा कायम निवास परवाना

जर्मन विद्यापीठातून पदवी घेऊन तिथेच नोकरीला लागलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारा, मुदत नसलेला वास्तव्याचा परवाना. कागदोपत्री त्याचे नाव ‘नीडरलासुंग्सएरलाउब्निस’. तिथली मराठी मंडळी मात्र नुसते ‘पीआर’ म्हणतात. नुसत्या पदवीवर तो मिळत नाही. पदवीमुळे नोकरी शोधायला वेळ मिळतो आणि पुढची प्रतीक्षा थोडी कमी होते, इतकेच.

शिक्षण संपले की विद्यार्थ्याने मायदेशी परतावे, अशीच जर्मनीची जुनी अपेक्षा होती. २००० साली चॅन्सलर श्रोडर यांच्या सरकारने संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना आणली. तिच्या विरोधात नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत विरोधी सीडीयू पक्षाचे उमेदवार युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचारात ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी मुले’, अशी घोषणा गाजली. रुटगर्स ती निवडणूक हरले. पुढे २००५ च्या कायद्याने पदवीधरांना नोकरी शोधण्यासाठी एक वर्ष दिले आणि २०१२ मध्ये ही मुदत १८ महिने झाली. ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिली गेली, तेच भारतीय आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये संख्येने सर्वांत पुढे आहेत.

या १८ महिन्यांत पोटापाण्यासाठी कोणतेही काम करता येते. पात्रतेची नोकरी मिळाली की कुशल कामगाराचा परवाना किंवा ‘ब्लू कार्ड’ (ठरावीक किमान पगार असलेल्या उच्चशिक्षितांचा परवाना) मिळते आणि खरी मोजणी तेव्हापासून सुरू होते. शोधात गेलेला काळ तिच्यात धरत नाहीत. जर्मन पदवी असलेल्याला या परवान्यावर दोन वर्षे आणि पेन्शन विम्याचे २४ मासिक हप्ते पूर्ण करावे लागतात. पदवी बाहेरची असेल तर २०२३ च्या सुधारणेनंतर तीन वर्षे. गंमत अशी, की ब्लू कार्डधारकाला बी१ (मध्यम) पातळीचे जर्मन येत असेल तर २१ महिनेच पुरतात, मग पदवी कुठलीही असो. त्याला ए१ (अगदी प्राथमिक पातळी) पर्यंतच येत असेल तर २७ महिने लागतात. म्हणजे पगार ब्लू कार्डच्या किमान मर्यादेला पोहोचला, तर जर्मन पदवीचा वेगळा फायदा फारसा उरत नाही.

बहुतेकांचे घोडे अडते ते भाषेपाशी. मास्टर्सचे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात, आयटी कंपन्यांत कामही इंग्रजीत होते. पदवीधराच्या दोन वर्षांच्या वाटेला मात्र बी१ लागतेच. निघण्याआधी घाईघाईने केलेली ए१ पुढे प्रयोगशाळा आणि थिसिसच्या धबडग्यात विसरली जाते आणि नोकरी लागल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जायचे त्राण उरत नाही. पुण्यातल्या मुलांना इथे जरा सोपे जाते. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांमुळे शहरात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. शिवाय चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने असल्याने ही भाषा नोकरीशीही जोडलेली आहे. बी१ निघण्याआधीच करून ठेवणे शहाणपणाचे, पण करतात थोडेच.

अर्ज स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात करायचा. मोठ्या शहरांत तिथला ‘टर्मिन’, म्हणजे भेटीची वेळ, मिळवणे ही स्वतंत्र तपश्चर्याच असते. पगारपत्रके, पेन्शनचा उतारा, भाषेचे प्रमाणपत्र आणि घराचा भाडेकरार ही नेहमीची कागदपत्रे. कुटुंबाला पुरेशी जागा आहे की नाही, हेही पाहिले जाते.

परवाना मिळाल्यावर नोकरी बदलायला किंवा स्वतःचा धंदा करायला कुणाची परवानगी लागत नाही. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही. आणि सर्वसाधारणपणे सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास परवाना संपुष्टात येतो. आईवडिलांच्या आजारपणात लांबलेल्या मुक्कामात ही अट अंगाशी येऊ शकते.

जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि त्या पाचांत शिक्षणाची वर्षेही धरली जातात. त्यामुळे ‘पीआर’ आणि नागरिकत्व यांतले अंतर काहींच्या बाबतीत वर्षभराचेच उरते. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. पासपोर्ट बदलल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे) घेता येते; त्यावर भारतात मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते.