'डोकं थंड ठेव' म्हणजे नेमकं काय करायचं?

साताऱ्यात शाहू स्टेडियमवर शालेय फुटबॉल सामना पेनल्टीवर गेला, की कडेला उभ्या सरांचं वाक्य ठरलेलं: "डोकं थंड ठेव रे!" पोरगं मान डोलावतं, चेंडू ठेवतं, गोलीकडे पाठ करून मागे येतं आणि शिट्टी वाजते न वाजते तोच धावत सुटतं. डोकं थंड ठेवायचं म्हणजे करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायला खुद्द फुटबॉललाही फार वेळ लागला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. १९३२ मध्ये पैशाअभावी तिला कुलूप लागलं. पुढे मानसशास्त्रज्ञ संघात आले ते शिकवायला नव्हे, पारखायला. १९५८ च्या विश्वचषकाआधी ब्राझीलने जुआंव कार्वाल्यायस यांना बोलावलं. त्यांनी खेळाडूंकडून माणसाची चित्रं काढून घेतली, चाचण्या घेतल्या आणि १७ वर्षांच्या पेलेबद्दल निकाल दिला: पोरकट आहे, खेळवू नका. गारिंचा या खेळाडूलाही नको म्हणाले. प्रशिक्षक फिओला यांनी ऐकून घेतलं; पण गुडघा बरा असेल तर पेले खेळणार, यावर ते ठाम राहिले. पेलेने सहा गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. सतरा वर्षांचं पोर पोरकट नसेल तर काय असेल? त्याला नापास करण्यापेक्षा दडपण पेलायला शिकवावं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डोळे उघडले पेनल्टीने. १९७० मध्ये शूटआउट, म्हणजे बरोबरीतला सामना पेनल्टी मारून सोडवणं, नियमात आलं, १९८२ मध्ये विश्वचषकात पहिल्यांदा झालं. इंग्लंड १९९०, १९९८ आणि २००६ अशा तीन विश्वचषकांत त्यातच हरलं. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गाइर यॉर्डेट यांनी जुन्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा दिसलं की शिट्टी होताच घाईने मारणारे जास्त चुकतात. म्हणजे आपल्या त्या पोराचंच दुखणं! २०१८ मध्ये इंग्लंडने मध्यरेषेपासून चेंडूपर्यंत चालत जाण्याचाही सराव केला आणि कोलंबियाला शूटआउटमध्ये हरवलं. तोवर तिथल्या अकादम्यांत तंत्र, शरीर यांच्या जोडीला मनाचा सरावही रुळला होता.

सातारकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तीही सतराव्या वर्षी, अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण घेऊन. तिरंदाजाचा प्रत्येक बाण एकाच क्रमाने सुटतो: पाय, श्वास, दोरीचा ताण, नेम. पेनल्टीलाही तोच क्रम बसवता येतो. चेंडू ठेवायचा, गोलीकडे तोंड ठेवूनच मागे यायचं, शिट्टीनंतर एक पुरा श्वास, मग धाव. खर्च काहीच नाही. सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, दहा मिनिटं हवीत. आणि नेमकी तीच अंधार पडला म्हणून राहून जातात.