जलक्रीडेतील दोर : बोटीला जोडण्याची पद्धत

वॉटर स्कीइंग, वेकबोर्डिंग (एकाच रुंद फळीवर उभे राहून ओढले जाणे), हवेची ट्यूब, बनाना राइड (केळ्याच्या आकाराच्या हवा भरलेल्या साधनावरची फेरी) या खेळांत माणसाला किंवा तरंगत्या साधनाला मोटरबोटीमागे दोराने ओढले जाते. हा दोर बोटीच्या कोणत्या भागाला, कसा आणि किती लांब सोडून जोडायचा, याचा विचार या नोंदीत केला आहे. दोर चांगला घेण्याकडे बहुतेकांचे लक्ष असते. तो कशाला अडकवला, याकडे कमी असते. वास्तविक धोका तिथेच असतो. मजबूत दोर कच्च्या जागी बांधला, तर ती जागा उखडते आणि ताणलेल्या दोराबरोबर लोखंडाचा तुकडा माणसाच्या दिशेने सुटतो.

या खेळाची सुरुवात १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाली. पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने पाण्यावर स्की करून दाखवले. खिडकीच्या सरकत्या तावदानांना लावतात ती दोरी त्याने वापरली आणि हातात धरायला लोहाराकडून लोखंडी कडे करून घेतले. आजचे दोर कृत्रिम धाग्यांचे असतात आणि मुठीला रबराचे आवरण असते.

जोडणीची जागा : बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या साध्या बोटीत मागच्या उभ्या फळीवर डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन स्टीलच्या कड्या असतात. त्यांचे बोल्ट फळीतून आरपार गेलेले असतात आणि आतून धातूची पट्टी लावून नट आवळलेले असतात. ओढ सोसण्यासाठी केलेली जागा ती हीच. औताला एकच बैल जुंपला की तास वाकडे जाते, तसे दोर एकाच बाजूच्या कडीला बांधला की बोटीचे तोंड सारखे वळत राहते. म्हणून दोन्ही कड्यांना एक आखूड दोर लावतात. त्याला ब्रायडल म्हणतात. त्यावर एक कप्पी सरकती असते आणि मुख्य दोर त्या कप्पीला जोडतात. स्की करणारा बोटीमागच्या लाटेबाहेर एका बाजूला गेला की कप्पीही त्या बाजूला सरकते आणि दोन्ही कड्यांवरचा ताण सारखा राहतो. कप्पीजवळ एक फुगीर तरंगता भाग असतो. दोर ढिला पडला तरी त्यामुळे तो वरच राहतो, इंजिनाच्या पंख्याकडे खाली जात नाही. ब्रायडल इंजिनाच्या मागून मोकळा फिरतो ना, हे बोट उभी असतानाच हाताने ओढून पाहावे.

खास स्कीसाठी बांधलेल्या बोटीत मधोमध तळापासून उभा केलेला खांब असतो. ओढ बोटीच्या मध्याजवळ आल्यामुळे चालकाला दिशा सांभाळणे सोपे जाते. वेकबोर्डच्या बोटींवर उंच कमान असते. वरून ओढ मिळाल्याने खेळाडूला उडी घेता येते. मात्र या कमानीला ट्यूब कधीही बांधू नये. ट्यूबचे तोंड पाण्यात घुसले की क्षणभर तिच्यावर बसलेल्यांच्या वजनाच्या कितीतरी पट भार दोरावर येतो. तो भार इतक्या उंचीवर पडला, तर कमान वाकते किंवा बोट कलंडते.

धक्क्याला बोट बांधण्याचे खुंट, कठडा, शिडी, बाकाचे पाय आणि इंजिन यांपैकी कशालाही दोर बांधू नये. बोट बांधण्याचा खुंट दिसायला भक्कम असतो, म्हणून सर्वांत जास्त चूक तिथेच होते. तो उभ्या बोटीचा हेलकावा सोसण्यासाठी असतो, धावत्या बोटीमागचा हिसका सोसण्यासाठी नाही. कठडा तर नुसत्या स्क्रूवर उभा असतो.

दोर : पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यांचे दोर तरंगतात, नायलॉन बुडते आणि रबरासारखे ताणते. ताणलेले नायलॉन सुटले की चाबकासारखे मागे येते, म्हणून ते या कामाला वापरू नये. ट्यूबसाठी दोर १५ ते २० मीटर लांब ठेवतात. तो किमान किती भाराला तुटावा याचे जलक्रीडा उद्योगाने घातलेले मान असे आहे : एका माणसाच्या ट्यूबला ६८० किलो, दोघांच्या सुमारे १,०८०, तिघांच्या १,५२० आणि चौघांच्या १,८६० किलो. स्कीच्या दोराची पूर्ण लांबी २३ मीटर असते; स्पर्धेत तो टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात. वेकबोर्डचा दोर जवळजवळ न ताणणारा लागतो. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरू नये, कारण गाठीपाशी दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

दोर अडकवण्याची रीत अशी. इंजिन बंद करावे. दोराच्या टोकाला विणलेला फास कडीतून आत घ्यावा, मग दोराचे दुसरे टोक त्या फासातून ओवून शेवटपर्यंत ओढावे. फास कडीवर बसेल आणि ताण येईल तसा घट्ट होईल. हूक असेल तर तो बंद होणाराच घ्यावा. त्यानंतर दोर पाण्यात सोडताना वेटोळे पायाशी ठेवू नये. चालकाने अगदी मंद वेगाने बोट पुढे घ्यावी. दोर सरळ होऊन पाण्याबाहेर उचलला गेला आणि मागच्याने हात दाखवला की मगच वेग वाढवावा. ढिल्या दोराने एकदम वेग घेतला, तर पहिला हिसका खांद्याला बसतो. बोटीत मागे तोंड करून बसलेला दुसरा माणूस हवाच. चालकाने पुढे पाहायचे आणि दोराकडे त्या दुसऱ्याने. मुठीतून हात आरपार घालणे किंवा दोर मनगटाला गुंडाळणे यामुळे बोटे तुटल्याची उदाहरणे आहेत.

मराठवाड्यातील पाणी : या विभागात अशा खेळाला जागा मिळते ती धरणांच्या जलाशयांतच. पैठणचा नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय), सिंदफणेवरील माजलगाव, पूर्णेवरील येलदरी, नांदेडजवळचे विष्णुपुरी आणि धनेगावचे मांजरा ही त्यांतली मोठी नावे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचा एकूण साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर असून जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर आहे. मात्र नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय मोटरबोट नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

इथल्या पाण्याची पातळी वर्षागणिक बदलते. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर होते, वेडी बाभूळ माजते. पुढच्या पावसाळ्यात हे सारे पाण्याखाली जाते. वरून पाणी मोकळे दिसते, पण खाली बाभळीचे खोड किंवा जुन्या विहिरीचा काठ असतो. दोराच्या टोकाचा माणूस वळणावर बोटीच्या मार्गापासून बराच बाहेर फेकला जातो. म्हणून नुसत्या बोटीच्या वाटेची खोली पाहून भागत नाही. दोराच्या लांबीएवढा पट्टा दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो. काठालगत शेतकऱ्यांच्या पाण्यात सोडलेल्या मोटारी, पाइप आणि केबल असतात. त्यांच्या जवळून फेरी आखूच नये. भोई समाजाची जाळी संध्याकाळी पडतात आणि सकाळी काढली जातात. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या, की तिथे जाळे आहे असे समजून वळावे. जाळ्यात पंखा अडकला की बोट जागीच थांबते, वर कुणाच्या दिवसभराच्या कमाईचे नुकसान होते.

नोंदणी व तपासणीच्या बाबतीत यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू होतो. राज्याचे साहसी पर्यटन धोरणही २०२१ चेच आहे.

देखभाल : मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि ऊन हा या दोरांचा मोठा शत्रू आहे. दोर काठावर किंवा बोटीत उघडा ठेवू नये; धुऊन, सावलीत वाळवून पिशवीत ठेवावा. उन्हाने खाल्लेला दोर ओळखता येतो : रंग उडून तो पांढुरका पडतो, बोटांत वाकवला की करकरतो आणि हाताला बारीक कूस लागते. फासाच्या आतली बाजू, म्हणजे कडीवर घासणारी जागा, सर्वांत आधी झिजते. पेड तुटलेला एक जरी दिसला तरी दोर बाद समजावा. बाद दोराचे तुकडे करूनच टाकावेत. धड राहिला तर कुणीतरी तो बोटीच्या पेटीत परत ठेवतो.