अफवेचा वेग कुणी ठरवायचा?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ही मारहाण झाली. मेलेल्यांपैकी बहुतेक जण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले.

मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज तेव्हा गावोगावच्या मोबाइलवर फिरत होते. त्या सुमारास देशभर गाजलेला एक व्हिडिओ नीट बघण्यासारखा आहे. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. क्लिप तिथेच संपते. मूळ व्हिडिओत मात्र तेच दोघं परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि एक फलक धरतात: कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो. रोशनी हेल्पलाइन या तिथल्या संस्थेची ही जनजागृतीची जाहिरात. कुणीतरी शेवटचे काही सेकंद छाटले, बस्स. हल्ली डीपफेकची, म्हणजे संगणकानं बनवलेल्या हुबेहूब खोट्या व्हिडिओंची, फार चर्चा चालते, पण या कामाला साधी कात्री पुरली.

साथीच्या रोगाचं जे गणित कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये मांडलं, तेच ढोबळमानानं अफवेलाही लागू पडतं. दोन आकडे धरायचे. एक माणूस मेसेज किती जणांना पाठवतो, हा पहिला. मिळालेल्यांपैकी किती जण तो खरा मानून पुढे ढकलतात, हा दुसरा. दोघांचा गुणाकार एकापेक्षा जास्त आला की अफवा फोफावते, कमी आला की विझते. समजा, प्रत्येकानं वीस जणांना पाठवला आणि दहातल्या एकानं पुढे ढकलला. गुणाकार दोन. दहाव्या टप्प्याला पाठवणारे हजारावर गेलेले असतात. वीसच्या जागी पाच घाला. गुणाकार ०.५, म्हणजे एकापेक्षा कमी होतो आणि चार-पाच टप्प्यांत खेळ संपतो.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं बंधन एप्रिल २०२० मध्ये आलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनंच सांगितलं. पण पाच चॅट म्हणजे पाच माणसं नव्हेत. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण मावत. पाच ग्रुप धरले तर १,२८० होतात. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. मर्यादेमुळे मेसेज रेंगाळतो, पण फारच चटपटीत असेल तर शेवटी पोचतोच, असं त्यांना दिसलं. माझ्या मते रेंगाळणं हीसुद्धा मोठी कमाई आहे. गावात पोलीस पोचायला तासभर लागत असेल, तर तो तास मिळणं महत्त्वाचं.

यात नीतीचा प्रश्न असा, की कोट्यवधी लोकांच्या बोलण्याचा वेग एका परदेशी कंपनीनं ठरवला. तिला कुणी निवडून दिलेलं नाही. सरकारनं दुसरी वाट धरली. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे, आदेश आल्यास मेसेज प्रथम कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं. त्यासाठी एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, मोडावं लागेल म्हणत व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. या नियमात एक मेख आहे. मूळ पाठवणारा परदेशात असेल, तर भारतात ज्यानं तो मेसेज पहिल्यांदा टाकला तोच मूळ धरायचा. म्हणजे कराचीची ती क्लिप दुसरीकडे बघून, घाबरून, बहिणींच्या ग्रुपवर टाकणारी एखादी आईसुद्धा त्यात सापडू शकते. कापणारा मात्र नामानिराळा.

शिवाय कंपनी काय किंवा सरकार काय, दोघांचा हात पहिल्याच, पाठवण्याच्या आकड्यावर. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. आपोआप चालणारी खाती वगळली तरी निष्कर्ष तोच. ढकलणारी माणसंच होती.

दुसरा आकडा, विश्वासाचा, अ‍ॅपमध्ये नसतोच. अनोळखी भाषा, झोळी, भगवे कपडे दिसले की 'चोर असणार' हे आधीच ठरलेलं असतं. त्याला सरकारनंच खतपाणी घातलंय. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. सोलापुरातली सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायची वसाहत, ही त्याचीच खूण: तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर पडायला पास. १९५२ मध्ये कायदा गेला, सेटलमेंट हे नाव राहिलं. डवरी गोसावी भटके. पण गुन्हेगार ठरवलेले कोण आणि नुसते भटके कोण, हे बारकावे गावाच्या संशयाला कुठे कळतात?

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत आदेश दिला: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमा, अफवांवर लक्ष ठेवा. आदेश चांगला आहे. पण सोलापुरात त्याची खरी कसोटी भाषेची. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत दखनी. खुलासा निघतो तो बहुधा शासकीय मराठीत, पीडीएफ करून, शिक्क्यासह. अफवा मात्र घरच्या बोलीत, वीस सेकंदांच्या ऑडिओत येते. जिल्ह्यानं खुलाशाच्या तशाच छोट्या क्लिप चारही भाषांत आधीच बनवून ठेवाव्यात. आवाज ओळखीचा हवा: अंगणवाडीताईचा, मशिदीतल्या मौलानांचा, बाजारातल्या अडत्याचा. आणि राईनपाड्यासारखा आठवडे बाजार असेल तिथे मोबाइलच्या भरवशावर न राहता दवंडी द्यावी.