लंडनचे महाप्रदर्शन, १८५१ : पोलीस बंदोबस्त

लंडनच्या हाइड पार्कमध्ये मे ते ऑक्टोबर १८५१ दरम्यान भरलेल्या आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनासाठी महानगर पोलिसांनी ठेवलेला बंदोबस्त. हे पोलीस दल १८२९ साली स्थापन झालेले, म्हणजे अवघे बावीस वर्षांचे होते. १८४८ मधील युरोपातील क्रांत्या आणि लंडनमधील चार्टिस्टांची (मताधिकार मागणाऱ्या कामगार चळवळीची) सभा लोकांच्या स्मरणात ताजी होती. त्यामुळे परदेशी क्रांतिकारक, खिसेकापू आणि कामगारांचे लोंढे या तिन्हींची धास्ती होती. कर्नल सिबथॉर्प या खासदाराने तर उद्यानाजवळच्या रहिवाशांना चांदीचे काटे-चमचे सांभाळण्याचा इशारा दिला.

पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी जादा शिपाई नेमले. परदेशी गुन्हेगार ओळखण्यासाठी युरोपातील शहरांतून पोलीस बोलावण्यात आले. ते राजकीय निर्वासितांवरही नजर ठेवीत. तरीही उद्‌घाटनाच्या दिवशी एक अनोळखी चिनी गृहस्थ राणीला मुजरा करून थेट परदेशी राजदूतांच्या मिरवणुकीत सामील झाला. त्याला कोणीतरी बडा मानकरी समजून कोणी हटकले नाही!

खरा बंदोबस्त मात्र तिकीटखिडकीवरच होता. सुरुवातीचे दर चढे ठेवून २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच आणि शनिवारी पाच शिलिंग असे दर लावले. रविवारी प्रदर्शन बंद असे. त्यामुळे गरीब आणि श्रीमंत एकाच दिवशी फारसे समोरासमोर येत नसत. आत दारूविक्रीलाही बंदी होती. शिलिंगवाल्यांनी दंगा केलाच नाही. त्यांच्याविषयीची भीती बव्हंशी वरच्या वर्गाच्या मनातलीच होती.

१८४९ च्या लाहोरच्या तहाने इंग्रजांकडे आलेला कोहिनूर हिरा दोनच वर्षांत येथे मांडला गेला. तो सोनेरी पिंजऱ्यात असे आणि खालच्या लोखंडी तिजोरीत उतरवता येई. हिरा सुरक्षित राहिला. पण पुरेसा चमकत नाही म्हणून प्रेक्षक हिरमुसले.

प्रदर्शनाला एकूण साठ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. ७ ऑक्टोबरला एकाच दिवशी १,०९,९१५ लोक आले. अखेरच्या त्या गर्दीत गोंधळ उडाला तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यामुळे. त्यांना पाहून जयघोष झाला, आणि लांबच्या लोकांना प्रदर्शनाची काचेची इमारत कोसळते आहे असे वाटून ते दरवाजांकडे धावले. चार्टिस्टांविरुद्ध राजधानीचा बंदोबस्त आखणारे सेनानी हेच होते.